तंबाखूच्या शेतीला सरकारी पैसा: एका हाताने अनुदान, दुसऱ्या हाताने पाकिटावर फोटो?

उंबऱ्यावर
मंडळी, गेले चार दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. माझ्या काकांचं स्वरयंत्र काढून सात वर्षं झाली. गळ्याला भोक आहे, बोलायचं झालं की त्यावर बोट दाबून धरतात आणि मग आतून घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो. परवा पेपर वाचत होते. तंबाखू उत्पादकांना सरकारने मदत द्यावी अशा मागणीची बातमी होती. बोट ठेवून म्हणाले, "माझं ऑपरेशन पण सरकारच्याच पैशात झालं." एवढंच बोलले आणि परत पेपरात डोकं.

मग मी वाचायला बसलो आणि चक्रावलो. युरोपीय संघ १९७० पासून तंबाखू पिकवणाऱ्याला पैसे देत होता, २००० च्या आसपास हा खर्च वर्षाला जवळपास १०० कोटी युरोवर गेला होता. आणि हाच संघ तेव्हा कर्करोगाविरुद्धची मोहीमही चालवत होता! त्यातली गंमत म्हणजे धूम्रपानाविरुद्ध प्रचाराला जो तंबाखू निधी काढला होता तो कुठून आला, तर ह्याच अनुदानातून दोन-तीन टक्के कापून. म्हणजे आधी आग लावायला काड्या वाटायच्या आणि त्यातल्याच दोन विकून बादली आणायची.

तर प्रश्न साधा आहे, शेतकऱ्याचं अनुदान बंद केलं तर लोक तंबाखू कमी खातील-ओढतील का? माझं मत : उद्याच्या उद्या बंद करा. पटत नसेल तर खुशाल सांगा, पण कारण द्या.

नेहमीचाच
पहिला! बाकी चुना मळून झाला की लिहितो.

श्वासनलिका
धाग्याबद्दल आभार. मी छातीच्या विभागात नोकरी करते त्यामुळे माझं मत एकतर्फीच असणार, आधीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा वर्षाला ७० लाखांहून जास्त मृत्यूंचा आहे आणि त्यातले जवळपास १६ लाख स्वतः न ओढणारे, दुसऱ्याच्या धुरात बसलेले. आमच्याकडे रोज येतात त्यांना मरणापेक्षा धापेची जास्त भीती असते. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून मोबाइल काढून बघतात, कुणाला कळू नये की दम लागलाय म्हणून. ह्या रोगासाठी एका खात्याने पैसे घालायचे आणि रोगाच्या कच्च्या मालासाठी दुसऱ्या खात्याने, हे मला कधीच समजलेलं नाही. धागाकर्त्याशी सहमत.

तिरपागडे
डावा हात काय करतो ते उजव्याला कळू नये असं दानाच्या बाबतीत ऐकलं होतं. सरकारने फारच मनावर घेतलंय.

गणिती कावळा
भावना पोचल्या, पण गणित चुकतंय. सिगारेटच्या पाकिटाची किंमत घ्या, त्यात कर, कारखाना, जाहिरात, वाहतूक, दुकानदार हे सगळं वजा केल्यावर शेतातल्या पानाचा वाटा अगदीच किरकोळ उरतो. पान दुप्पट महाग झालं तरी ओढणाऱ्याला ते धड जाणवणार नाही. शिवाय एका देशाने पीक थांबवलं की कंपनी दुसऱ्या देशातून पान आणते, ते काय नासकं दूध आहे का प्रवास न झेपायला. जागतिक बँकेने १९९९ च्या अहवालात हेच मांडलं होतं की पुरवठा आवळून खप फारसा कमी होत नाही, खप कमी होतो तो करामुळे. किंमत १० टक्के वाढली की श्रीमंत देशात मागणी साधारण ४ टक्के घटते आणि गरीब देशात ५ च्या आसपास. तेव्हा "अनुदान बंद = व्यसन बंद" हे समीकरण सोडा.

आणि हो, ह्याच बँकेने १९९१ पासून तंबाखू पिकवायला कर्ज द्यायचं बंद केलंय. उपयोग थोडा असला तरी पाप आपल्या माथी नको, इतपत अक्कल सगळ्यांनाच असते.

अजून एक उलटी गंमत. अमेरिकेत १९३८ पासून कोटा होता, कुणी किती तंबाखू विकायचा ते ठरलेलं. त्यामुळे माल मोजका आणि पानाचा भाव चढा. म्हणजे शेतकऱ्याला जपणारी योजना पान महागच करत होती. २००४ मध्ये कायदा करून कोटा विकत घेतला, कोट्याच्या मालकाला पौंडामागे ७ डॉलर आणि पिकवणाऱ्याला ३, असे दहा वर्षांत मिळून सुमारे १,००० कोटी डॉलर, तेही सिगारेट कंपन्यांकडून वसूल करून. पुढे काय झालं? पान स्वस्त झालं. कंपन्या उगाच नाही गप्प बसल्या.

तिरपागडे
म्हणजे अनुदान प्रकृतीला चांगलं असं म्हणा की सरळ! पाकिटावर छापूया, "ह्या पानाचा भाव सरकारने चढा ठेवला आहे, फुप्फुसांच्या काळजीपोटी".

गणिती कावळा
@तिरपागडे हसा, पण कोटा म्हणजे एक मालमत्ता झाली होती. बाप मेल्यावर वारसांना मिळायची, भाड्याने देता यायची. शहरात राहणारे, आयुष्यात रोपाला हात न लावलेले लोक कोट्याचं भाडं खायचे. कोटा गेला आणि छोटे शेतकरी पटापट बाहेर पडले. तिथल्या कृषी गणनेत २००२ साली तंबाखूची सुमारे ५७ हजार शेतं होती, २००७ मध्ये १६ हजार. जे उरले ते मोठे, आणि बहुतेक थेट कंपनीच्या करारावर.

सातबारा_कोरा
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. मी तंबाखू करतो. बाप करायचा, आजा करायचा. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, मला तंबाखूचं म्हणून वेगळं अनुदान मिळत नाही. खतावर सूट मिळते ती शेजारच्या ऊसवाल्याला पण मिळते. वीज तीच, पाणी तेच. तुम्ही बंद करणार तरी काय, हे आधी मला दाखवा.

दुसरी गोष्ट मी हे पीक का करतो. लोक म्हणतात पैसा जास्त आहे. पैसा हातात येतो तेव्हा दिसतो जास्त, पण घरातल्या बायका-पोरांची मजुरी धरली तर काय उरतं ते मी मुद्दाम मोजत नाही. खरं कारण वेगळं आहे. तरू (रोपं) टाकायच्या आधी व्यापारी दारात येतो आणि उचल देतो. पीक तयार झालं की तोच येतो. भाजी केली तर सकाळी तोडली आणि संध्याकाळपर्यंत गेली नाही की उकिरड्यावर, तंबाखू वर्षभर घरात पडून राहिला तरी चालतो, भाव आला की काढायचा. पाऊस कमी झाला तरी तग धरतो. आणि जनावर तोंड लावत नाही त्याला. गाय हुशार आहे, माणूस नाही, असं आजा म्हणायचा.

तिसरं, आरोग्य आरोग्य म्हणताय ते ओढणाऱ्याचं. खुडणाऱ्याचं कोण बोलणार? शेंडा मारायला आणि बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब, काढायला सकाळी दव असताना शिरलं की अंगावरचा सदरा चिंब होतो, हाताला काळा चिकट थर बसतो, दोनदा धुतला तरी घास कडू लागतो. दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी बांधावर आडवा झालो, आभाळ गरगरत होतं, ओकून ओकून पोटात काही राहिलं नाही. म्हातारी म्हणाली, तंबाखू लागली पोराला, उद्या उठेल. उठलो. मी आजपर्यंत विडी ओढली नाही की चिमूट दाढेखाली धरली नाही.

आजी_ऑनलाइन
@सातबारा_कोरा दादा, छान लिहिता की, सवय नाही कशाला म्हणता. पण मला कळलं नाही, न खाता न ओढता तंबाखू लागते कशी?

श्वासनलिका
आजी, कातडीतून. निकोटिन पाण्यात विरघळतं, दवाने किंवा घामाने ओलं झालेलं पान अंगाला घासलं की ते सरळ आत जातं. मळमळ, ओकाऱ्या, डोकं जड, चक्कर, कधी कधी नाडी मंद. दिवस-दोन दिवसांत उतरतं. वैद्यकीय नोंद १९७० सालची आहे, अमेरिकेत फ्लोरिडातल्या तंबाखू तोडणाऱ्या मजुरांची, पुढे ह्याला हिरव्या तंबाखूचा आजार असं नावच पडलं. पण दादांच्या आजीला ते त्याच्या आधीपासून ठाऊक असणार, "तंबाखू लागली" हा शब्द काय आजचा आहे?

उपाय म्हणाल तर दव वाळल्यावर शेतात जाणं, लांब बाह्या, हातमोजे, अंगावर पाणी न धरणारं काहीतरी. आता भर उन्हात हे घालून कोण काम करणार ते दादाच सांगतील. लहान पोरांना लवकर लागते कारण अंग लहान आणि पान तेवढंच मोठं. दादा, माझा पहिला प्रतिसाद वाचून राग आला असेल तर सॉरी. मी फक्त पाकिटापासून पुढचं बघत होते.

सातबारा_कोरा
राग नाही ताई. हातमोजे घातले की बगलफूट बोटाला कळत नाही, देठच मोडतो. म्हणून कुणी घालत नाही.

जुनी_पेटी
सगळे एकदम विरघळले वाटतं. माफ करा, पण अफू पिकवणारापण हेच सांगतो, व्यापारी दारात येतो, माल टिकतो, गाय खात नाही. म्हणून अफूला उचल द्यायची का? माझे वडील मावा खाऊन गेले. जबडा अर्धा काढला होता, शेवटचे चार महिने नळीतून पातळ. कुणाचा तरी "आजा करायचा" म्हणून मला सहानुभूती दाखवता येणार नाही. ज्याला विकायचंय त्याने विकावं, माझ्या करातून नको.

सातबारा_कोरा
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. बाकी माझ्याकडे उत्तर नाही.

नेहमीचाच
चुना मळून आलो होतो. ठेवला बाजूला. वाचतोय.

हिशेबनीस
जुनी_पेटी, तुमचं दुःख मान्य, पण "माझ्या करातून नको" ह्यावर बोलू कारण धाग्याचा प्रश्न तोच आहे आणि सातबारांनी वर लाखाचा सवाल टाकलाय, बंद करणार ते काय?

अनुदान म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात पडणारे रोख पैसे एवढंच आपण धरतो. खरे प्रकार भलतेच आहेत. जपानमध्ये कायदाच असा आहे की करारातल्या देशी शेतकऱ्यांचा पाला जपान टोबॅकोने घ्यायचाच, आणि त्या कंपनीचे एक तृतीयांशाहून जास्त शेअर सरकारकडे. चीन जगातला सगळ्यात मोठा उत्पादक, तिथे बी-बियाण्यापासून पाकिटापर्यंत सगळं सरकारी मक्तेदारीचं, म्हणजे सरकार स्वतःच दुकानदार आणि स्वतःच डॉक्टर. भारतात १९७५ च्या कायद्याने तंबाखू मंडळ झालं, ते वाणिज्य मंत्रालयाखाली, सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूची नोंदणी, लिलाव, निर्यात बघायला, आणि २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा राबवणार आरोग्य मंत्रालय. सरकारी संशोधन, सुधारित वाण, लिलावाची सोय, हे सगळं अनुदानच आहे, फक्त पावती वेगळ्या नावाने फाटते.

आता आरोग्याशी संबंध. गणिती कावळ्याचं बरोबर आहे की ह्याने सिगारेट फारशी स्वस्त होत नाही. पण त्याच्या गणितात राजकारणाचा रकाना नाही. कर वाढवायची वेळ आली की कंपनी कधीच पुढे येत नाही, पुढे येतो तो सातबारांसारखा माणूस, हातात फलक. तंबाखू उत्पादकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८४ मध्ये निघाली, आणि खटल्यांतून बाहेर आलेल्या कंपन्यांच्याच कागदपत्रांत दिसतं की तिला पैसा पुरवून आरोग्य धोरणांविरुद्ध पुढे करायचं कसं ठरत होतं. सरकारने शेतकऱ्याला त्या पिकात टिकवून ठेवायचं आणि कंपनीने त्याच शेतकऱ्याला ढाल करून कर अडवायचा. खप कमी न होण्यात अनुदानाचा हात आहे तो असा, मागच्या दाराने.

तिरपागडे
अवांतर : आमच्या लहानपणी शेतकी शाळेतले गुरुजी बंबाखू दाखवायचे. तंबाखूच्या मुळावर जगणारं तण. स्वतःला हिरवं पान नाही, जमिनीखाली तंबाखूच्या मुळाला चिकटून सगळं शोषतं आणि एक दिवस बुंध्याशी फुलोरा घेऊन वर येतं, तोवर झाड खलास. बी इतकं बारीक की धुळीत दिसत नाही आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत. हिशेबनीसांचा प्रतिसाद वाचताना तेच आठवत होतं. नावं कुणाला काय द्यायची ते ज्याने त्याने ठरवावं.

सातबारा_कोरा
बंबाखू बरा. तो उपटता येतो.

जुनी_पेटी
हे मात्र आवडलं. मघाशी जरा जोरात बोलले.

गणिती कावळा
हिशेबनीस, राजकारणाचा रकाना मान्य, वाढवतो. पण मग धागाकर्त्याच्या "उद्याच्या उद्या" चं काय? ग्रीसचं बघा. युरोपने २००४ मध्ये सुधारणा केली, पैसे पिकापासून तोडले, म्हणजे तंबाखू लावा नाहीतर काही लावू नका, पैसे मिळतील. ग्रीसने २००६ पासून हे पूर्ण लागू केलं आणि तिथलं पीक धाडकन खाली आलं, टिकला तो मुख्यतः ओरिएंटल जातीचा बारीक पानाचा तंबाखू. म्हणजे इतकी वर्षं लोक तंबाखू नाही, अनुदान पिकवत होते! पण शेजारच्या कुणी त्यामुळे सिगारेट सोडली असं झालं नाही.

आणि उलटं उदाहरण कॅनडाचं. ऑन्टारिओत २००९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन कोटा परत घेतला, अट अशी की पैसे घेणाऱ्याने तंबाखू सोडायचा. सोडला की. परवाना घरातल्याच दुसऱ्याच्या नावावर काढला, शेत तेच, भट्टी तीच, ट्रॅक्टरवर बसणाराही तोच. त्यांच्या महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये ह्यावर बोट ठेवलं.

तिरपागडे
नवऱ्याने सोडला, बायकोने धरला. पहिल्यांदाच ऐकतोय की व्यसन शेताला पण लागतं.

आजी_ऑनलाइन
मला एक विचारायचंय. ते भट्टी भट्टी काय आहे? तंबाखू भाजतात का?

हिशेबनीस
आजी, भाजत नाहीत. सिगारेटचा व्हर्जिनिया पाला बंद खोलीत गरम हवेने वाळवतात. आधी मंद ऊब देऊन पान पिवळं करायचं, मग पात वाळवायची, शेवटी जाड शीर. पाच ते सात दिवस लागतात आणि रात्रीसुद्धा कुणीतरी जागं लागतं, ऊब जास्त झाली तर पान तपकिरी पडतं आणि प्रत उतरते. बऱ्याच देशांत ह्याला लाकूडच जाळतात. आरोग्य संघटनेच्या मते तंबाखूपायी दरवर्षी सुमारे २ लाख हेक्टर जंगल जातं. त्यातलं लाकूड शेतकरी स्वतःच तोडून आणतो, म्हणून कंपनीच्या हिशेबात ते फुकट. हे पण अनुदानच, जंगलाने दिलेलं. विडीचा आणि खायचा तंबाखू मात्र बराचसा उन्हात वाळवतात.

श्वासनलिका
आणि रात्री जागणारं ते "कुणीतरी" पुष्कळदा घरातलं पोरगं असतं. मलावीत निर्यातीची जवळपास निम्मी कमाई तंबाखूवर, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने तिथला तंबाखू बंदरावर अडवला तो मुलांना राबवल्याच्या कारणाने. तिथे अनुदान उद्या बंद केलं तर काय होईल मला खरंच सांगता येत नाही. मी पहिल्या प्रतिसादात सहमत लिहिलं होतं, ते आता अर्धं सहमत असं वाचा.

उंबऱ्यावर
कामात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं. "उद्याच्या उद्या" मागे घेतो. पूर्ण नाही, पिकवण्यासाठी म्हणून जो पैसा किंवा सोय आहे ती जायलाच हवी ह्यावर मी ठाम आहे, पण ती गेल्याने काकांसारखे कमी होतील हा माझा भाबडेपणा होता. त्यासाठी करच लागेल. आणि कर वाढवायचा तर आधी सातबारांना त्या फलकापासून सोडवावं लागेल.

तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात (२००३ मध्ये मंजूर, २००५ पासून लागू) १७ वं कलम ह्याचंच आहे, पिकवणाऱ्याला दुसरा पोटापाण्याचा मार्ग द्या, आणि १८ वं शेतात राबणाऱ्यांच्या आरोग्याचं आणि पर्यावरणाचं. वाचायला झकास. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पर्याय म्हणजे बियाण्याची पिशवी आणि एक दिवसाचं शिबिर. मला बरं वाटलं ते केनियाचं. तिथे मिगोरी भागात शेतकऱ्यांना तंबाखूऐवजी जास्त लोह असलेला घेवडा लावायला दिला, बियाणं दिलंच पण मुख्य म्हणजे माल घ्यायला जागतिक अन्न कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे व्यापाऱ्यासारखं गिऱ्हाईक आधी, पीक नंतर.

सातबारा, तुम्हालाच विचारतो. असं कुणी आलं तर सोडाल?

जुनी_पेटी
मलापण ऐकायचंय. खरंच विचारतेय, टोमणा नाही.

गणिती कावळा
उत्तर देण्याआधी उचलीचं पण सांगा. गिऱ्हाईक मिळालं तरी जुनी उचल अंगावर असेल तर पाय निघतो का?

सातबारा_कोरा
कावळेसाहेबांनी बरोबर जागी चोच मारली. उचल फिटली असं कधी होत नाही. ह्या सालची थोडी राहते ती पुढच्या सालच्या उचलीत मिळवतात आणि वर नवीन देतात. कागद नसतो, वही त्याच्याकडे. बापाच्या नावाचं पान अजून त्या वहीत आहे, बाप जाऊन सहा वर्षं झाली.

सोडाल का म्हणाल तर, अर्धा एकर सोडून बघितलाय. तीन वर्षांमागे हरभरा केला. एक साहेब आले होते, बियाणं दिलं, फोटो काढले. पीक बरं आलं. काढणीला साहेबांना फोन लावला तर बदली झालेली. मग सगळ्यांनी विकला त्या भावाला मी पण विकला, वाईट नव्हता पण पैसे तीन तुकड्यांत आले, आणि तेवढ्यात तो व्यापारी दारात येऊन म्हणाला, यंदा अर्धाच एकर का?

मला अनुदान नको. उचल फिटण्यापुरतं एकदाचं कर्ज कमी व्याजात आणि काढणीच्या दिवशी फोन उचलणारा माणूस, ह्या दोन गोष्टी दिल्या तर सगळं रान मोकळं करतो. पोरगी दहा वर्षांची आहे, तिला अजून शेतात नेलेलं नाही. यंदा मजूर मिळेना, बायको म्हणते बगलफुटीला तिला घेऊन जाऊ, सुट्टीच आहे.

श्वासनलिका
दादा, न्यायचंच झालं तर दव पूर्ण वाळल्यावर, आणि घरी आली की लगेच कपडे बदलून अंघोळ. आणि शक्यतो नकाच नेऊ.

सातबारा_कोरा
बरं ताई.

उंबऱ्यावर
काकांना हा धागा वाचून दाखवला. सातबारांच्या शेवटच्या प्रतिसादाला त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. मग गळ्यावर बोट ठेवून विचारलं, "किती आहे त्याची उचल?"